डोंगर वरच्या बाजूला

"तिकडून दिसतंय का नीट? फिरवू का कागद?" ओगिनोसाहेबांनी विचारलं.

"नको," तोकिए म्हणाली. "मला इथून बरोबर दिसतंय."

आणि ते खरंच होतं. नकाशा साहेबांच्या पुढ्यात होता आणि तोकिए मेजाच्या पलीकडे बसली होती, म्हणजे तो तिला उलटा दिसायला हवा होता. पण तिला डोंगर वर दिसत होता, डोंगराच्या पोटाशी देऊळ, त्याखाली गावाची छपरं, मग बंदर आणि सगळ्यात खाली समुद्र. शिओमाचीत जन्मलेल्या कुणालाही डोळे मिटले की गाव असंच दिसतं. साहेबांना मात्र समुद्र वर दिसत होता आणि त्यांना त्यात काही खटकत नव्हतं. ते प्रांताच्या मुख्य कचेरीतून दोन वर्षांसाठी आले होते. वय अडतीस, बोलणं मऊ, आणि जेवणाच्या डब्यात रोज बायकोने कोरलेली गाजराची फुलं. माणूस वाईट मुळीच नव्हता, हीच तोकिएची अडचण होती.

गावच्या चौदा पाट्या बदलायच्या होत्या. त्सुनामीचा भोंगा झाला की कुठून कसं पळायचं ते सांगणाऱ्या पाट्या. जुन्या पाट्या पत्र्याच्या, हाताने रंगवलेल्या, कडेने गंजलेल्या. नव्या पाट्या प्रांताने ठरवून दिलेल्या नमुन्यात येणार होत्या. नमुन्यातला पहिलाच नियम होता, उत्तर वर.

"साहेब, समुद्र वर गेलाय," तोकिए म्हणाली.

"समुद्र उत्तरेला आहे ना तुमच्याकडे? मग वरच जाणार."

"पण बंदरावर पाटी वाचणारा माणूस डोंगराकडे तोंड करून उभा असतो. समुद्र त्याच्या पाठीशी असतो."

"कोपऱ्यात उत्तरेचा बाण दिलाय की."

"पळणारा माणूस बाण बघतो का, साहेब?"

ओगिनोसाहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "कुनिमोरीसान, चाळीस गावांच्या पाट्या एकसारख्या करायच्यात. एका शिओमाचीसाठी पृथ्वी फिरवता येत नाही." कचेरीत तिला सगळे असं आडनावानेच हाक मारायचे.

"फिरवायची असेल तर अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, तेवढं सांगा," शेजारच्या मेजावरून मितोबे म्हणाले. मितोबे उपप्रमुख होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते दीड वर्ष विनोदांवर काढायचं असं त्यांनी ठरवलेलं होतं. सगळे हसले. तोकिएही हसली. हसण्याची तिला सवय होती. ती या कचेरीत एकोणीस वर्षं होती, पण दर मार्चअखेर तिचा करार संपायचा आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला नवा व्हायचा. एकाच खुर्चीवर एकोणीस वेळा नव्याने नोकरीला लागलेली बाई होती ती. अशा बाईचं हसू जरा तयारच असतं.

घरी आली तेव्हा त्सुनेओ खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, पाहुणा एखादी वस्तू विसरून गेल्यासारखा. त्याच हाताने त्याने त्या चौदा पाट्या रंगवल्या होत्या.

तिने चहात पूड घालून तो घट्ट केला. पातळ चहाने त्याला ठसका लागायचा.

"खळ प्यायला देतेस रोज," तो म्हणाला.

"पाट्या चिकटवून जन्म गेला. खळीची लाज कशाला?"

तो डाव्या ओठाने हसला. उजवा हसायचा नाही. "काय म्हणतात मग तुझे साहेब?"

"उत्तर वर."

"बंदरावरच्या पाटीतसुद्धा?"

"चौदाच्या चौदा."

त्सुनेओने चहाचा घोट बराच वेळ तोंडात धरला. पाटी रंगवायच्या आधी तो त्या जागी जाऊन नुसता उभा राहायचा, तासतासभर. लोकांना वाटायचं, रंगारी कामचुकार आहे. तो म्हणायचा, पाटी रंगवणं सोपं आहे, आधी त्या जागचं माणूस होऊन उभं राहावं लागतं. बंदरावर उभं राहिलं की देऊळ डावीकडे, म्हणून पाटीत देऊळ डावीकडे. शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की देऊळ उजवीकडे, म्हणून तिथल्या पाटीत उजवीकडे. चौदा पाट्या म्हणजे चौदा वेगळे नकाशे, पण प्रत्येकात डोंगर वर. 'आपण येथे आहात' हा लाल ठिपका तो कुंचल्याने काढायचा नाही. अंगठा लाल रंगात बुडवायचा आणि दाबायचा.

"मग मी एवढी वर्षं गाव उलटं टांगून ठेवलं म्हणायचं," तो म्हणाला.

"तुम्ही नाही, ते टांगतायत."

"बोललीस तू काही?"

"बोलले. साहेब म्हणाले, पृथ्वी फिरवता येत नाही."

"पृथ्वी कशाला? पाटी फिरवा म्हणावं." मग त्याने पेला खाली ठेवला. जपून ठेवला, कारण डाव्या हातालाच आता दोघांचं काम होतं. "पण जास्त बोलू नकोस, तोकिए. मार्च काही लांब नाही."

तिने पेला धुवायला घेतला. स्वतःच्या पाट्या निघणार होत्या आणि हा माणूस तिलाच तोंड सांभाळायला सांगत होता. पाणी कढत होतं, तरी तिने ते तसंच हातावर राहू दिलं.

ऑक्टोबरात सरावाचा दिवस आला. नव्या नमुन्याची एक पाटी बंदरावर आधीच लावली होती, जुनी पाटी काढून, त्याच भिंतीवर. मासळीच्या शेडमध्ये नऊ दिवसांपूर्वी व्हिएतनामहून सहा मुली कामाला आल्या होत्या. गावाची त्यांना काहीच माहिती नव्हती. राहण्याच्या खोलीपासून शेडपर्यंत गाडी आणायची आणि गाडीच परत न्यायची. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की भोंगा झाला की पाटी बघा आणि देवळाकडे पळा.

तोकिएच्या गळ्यात निरीक्षकाची पट्टी होती, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात तक्ता. तक्त्याच्या डोक्यावर सूचना होती, निरीक्षकाने बोलू नये, खुणा करू नयेत. सूचना तिनेच टंकलेली होती.

दहा वाजता भोंगा झाला. गावच्या बायका पाटीकडे ढुंकूनही न बघता डावीकडच्या बोळात शिरल्या. त्या घाईत नव्हत्याच. कुणी रात्री मुरवत घातलेल्या मुळ्यांबद्दल बोलत होतं, कुणी सुनेबद्दल. मागून त्या सहा मुली रबरी बुटांनी धावत आल्या आणि पाटीपुढे थांबल्या. त्यातली न्हुंग नावाची पुढे झाली. तिने पाटीवर बोट ठेवलं. लाल ठिपका, तिथून रस्ता, रस्त्याच्या शेवटी देऊळ. देऊळ ठिपक्याच्या उजव्या बाजूला होतं. पाटी उत्तर वर करून छापलेली होती, त्यामुळे पूर्व उजवीकडे गेली होती. पण न्हुंगचं तोंड दक्षिणेला होतं आणि तिच्या अंगाची उजवी बाजू पश्चिमेला. तिने मागच्या पाचजणींना हात केला आणि त्या उजवीकडे पळाल्या. उजवीकडे नदीचं मुख होतं. पाणी येतं तेव्हा सगळ्यात आधी तिथून येतं.

तोकिएच्या तोंडात हाक आली होती. तिने ती धरली. घड्याळातला काटा पळत होता आणि मुलीही पळत होत्या, इतक्या जिवाच्या आकांताने, की एकीचा बूट निघाला तरी ती थांबली नाही. अख्ख्या सरावात खरोखर पळालेल्या त्या सहाजणीच होत्या.

लाट नऊ मिनिटांत येईल असा अंदाज होता. मुली नदीपाशी अडल्या, परत फिरल्या, विचारत विचारत देवळात पोचल्या तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. न्हुंग पायरीवर बसून धापा टाकत होती. तोकिएला बघून ती उठली आणि मान खाली घालून म्हणाली, "काकू, आम्ही पळालो. खूप जोरात पळालो."

"बघितलं मी," तोकिए म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

न्हुंगला ते पटलं नाही. कुणी चुकलं नसेल तर आपण इतक्या उशिरा कशा आलो, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं आणि ते वाचायला भाषा लागत नव्हती.

सरावाचा अहवाल तोकिएनेच भरायचा होता. छापील कागदावर वेळेसाठी एकच चौकोन होता, सरासरी. एकशे त्रेचाळीस माणसं. तिने हिशेब केला, सरासरी सहा मिनिटं निघाली. सहा मिनिटांत सहा मुली कुठे गेल्या ते दिसतही नव्हतं. मिठाच्या बरणीत साखरेचे सहा दाणे टाकल्यासारखं झालं होतं.

"छान आलंय," ओगिनोसाहेब म्हणाले.

"साहेब, सहाजणींना चौदा मिनिटं लागली."

"हो, मी बघितलं तुमच्या तक्त्यात. मनावर घेतलंय मी ते. त्यांच्या भाषेत दोन ओळी घालू पाटीवर. जागा करायला अक्षरं थोडी बारीक करावी लागतील."

"त्यांना वाचता आलं, साहेब. पाटी नीट वाचली म्हणूनच त्या उजवीकडे गेल्या. गावातल्या कुणी वाचली नाही म्हणून बाकीचे वाचले."

ओगिनोसाहेबांनी पेन खाली ठेवलं. गाजराच्या फुलांचा डबा बाजूला सारला. "कळतंय मला तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण प्रांताला काय लिहू? आमच्या गावात उत्तर खाली असते म्हणून? चाळीस गावांचं एकच कंत्राट आहे. माझ्याही डोक्यावर माणसं आहेत, कुनिमोरीसान."

"तुमच्या डोक्यावर समुद्र आहे," मितोबे म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

दुपारी मंजुरीचा कागद फिरायला निघाला. कागद म्हणजे तोच नकाशा, आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शिक्क्यांसाठी पाच चौकोन. सगळ्यात उजवा चौकोन कागद तयार करणाऱ्याचा, म्हणजे तोकिएचा. मग मितोबे, मग ओगिनोसाहेब, मग उपनगरप्रमुख, आणि डावीकडचा शेवटचा नगरप्रमुखांचा. बाहेरच्या कचेऱ्यांतून शिक्के हळूहळू जाऊ लागले होते. शिओमाचीत अजून लाल शाईची डबी दर महिन्याला संपायची.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मितोबेंनी तिला शिक्का मारायला शिकवलं होतं. शिक्का सरळ मारायचा नाही, किंचित डावीकडे कलता मारायचा. म्हणजे तुमचं नाव डावीकडच्या वरिष्ठाच्या नावापुढे वाकलेलं दिसतं. मितोबे त्यांच्या वरिष्ठापुढे वाकणार, वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठापुढे. पावसाने झोडपलेल्या भातासारखी सगळी नावं एकाच बाजूला कललेली. नगरप्रमुखांचा शिक्का तेवढा ताठ. एकोणीस वर्षं तोकिएचं नाव न चुकता वाकत आलं होतं. हाताला आता ते आपोआप जमायचं.

आणि एका वर्षअखेरच्या मेजवानीत, तिसऱ्या बाटलीनंतर, मितोबेंनीच तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. जुने कारकून म्हणायचे, की एखादा कागद मनाविरुद्ध पुढे पाठवावा लागला तर शिक्का उलटा मारायचा. नाव खाली डोकं वर पाय. म्हणजे हात माझा होता, मन माझं नव्हतं. "अडतीस वर्षांत मी एकही बघितला नाही असा," मितोबे म्हणाले होते. "सगळ्यांना घरी जाऊन जेवायचं असतं."

तोकिएने डबी उघडली. शिक्का शाईवर दोनदा टेकवला. शिक्क्याच्या दांड्यावर एका बाजूला खोबण असते. ती खोबण बोटाला लागली की नाव सरळ आहे असं समजायचं, बघावं लागत नाही. तिने शिक्का बोटांत फिरवला, खोबण तळव्याकडे आली. घरी त्सुनेओला व्यायामाला नेणाऱ्या गाडीची वेळ झाली असेल, असं तिच्या मनात आलं. मार्च मनात आला. मग बूट निघाला तरी न थांबलेली ती पोरगी आली. तिने शिक्का दाबला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

कागद तिने स्वतःच मितोबेंच्या मेजावर नेऊन ठेवला. मितोबेंनी आपला शिक्का काढला, कागद जवळ ओढला, आणि ते थांबले. चष्मा काढून त्यांनी टायच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी आपला शिक्का मारला, डावीकडे कलता, नेहमीसारखा व्यवस्थित.

संध्याकाळी जिन्यात दोघांची गाठ पडली. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, कुनिमोरीसान," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "जवळचं काही दिसतच नाही हल्ली." ते दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. "डॉक्टर म्हणतात, या वयात व्हायचंच. पण मला वाटतं, खूप वर्षांपासूनचं असावं."

कागद पाचही चौकोन भरून आला. ओगिनोसाहेबांनी उलट्या शिक्क्याबद्दल काही विचारलं नाही. नव्या पिढीला ते ठाऊक नसावं, किंवा असावंही.

फेब्रुवारीत चौदा पाट्या लागल्या. गुळगुळीत, अंधारात चमकणाऱ्या, चार भाषांतल्या. जुने पत्रे एका छोट्या ट्रकमधून गेले.

"भंगारात?" त्सुनेओने विचारलं.

"हो."

"पत्रा चांगला होता," तो म्हणाला, आणि घट्ट चहा पीत राहिला.

पुढच्या रविवारी तोकिए मासळीच्या शेडवर गेली. न्हुंगने खोक्याचं एक मोठं झाकण आणून ठेवलं होतं. सहाजणी आणि तोकिए कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर बसल्या. आधी तिने त्यांना बाहेर नेऊन धक्क्यावर उभं केलं, समुद्राकडे पाठ करून, दहा मिनिटं. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काकू, किती उभं राहायचं?" न्हुंगने विचारलं.

"देऊळ डोळे मिटून दाखवता येईपर्यंत."

पाच हात डावीकडे उठले. एकीचा उजवीकडे उठला होता, बाकीच्यांनी तिची थट्टा केली, मग तोही डावीकडे आला. आत जाऊन न्हुंगने झाकणावर गाव काढलं. डोंगर वर. देवळाला तिने त्यांच्याकडच्या देवळासारखी वळणदार टोकं काढली, तोकिएने ती राहू दिली. शेवटी ठिपका राहिला. लाल पेन कुणाकडे नव्हतं. तोकिएच्या पिशवीत शाईची डबी होती. तिने अंगठा बुडवला आणि दाबला.

"असं का?" एकीने विचारलं.

"आमच्या घरात असाच काढतात," तोकिए म्हणाली.

झाकण त्यांनी दाराला आतून लावलं. त्या दाराकडे तोंड केलं की डोंगराकडे तोंड होत होतं. गावात एवढी एकच पाटी आता तशी होती आणि ती मासळीच्या वासाच्या खोलीत, बायकांच्या कपड्यांमागे होती. मुली दोन वर्षांनी परत जातील, नव्या येतील, झाकण दमट होऊन गळून पडेल. तोकिएला हे सगळं दिसत होतं. ती हात धुऊन घरी गेली.

मार्चच्या मध्यावर ओगिनोसाहेबांनी तिला छोट्या खोलीत बोलावलं. पुढच्या वर्षीपासून तिची जागा दुसऱ्या विभागात विलीन होणार होती, म्हणजे नवा करार होणार नव्हता. कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. "एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "मोठी सेवा आहे."

"एक एक वर्षाचीच होती, साहेब," तोकिए म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिच्याकडे एकच काम उरलं होतं. त्या वर्षाचे कागद फायलीत लावायचे आणि पाच वर्षं जपायच्या कपाटात ठेवायचे. ती संध्याकाळपर्यंत भोकं पाडत बसली. बाकीचे तिच्यासाठी फुलं आणायला खाली गेले होते, हे तिला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं करायचं होतं. शेवटून दुसरा कागद पाट्यांचा निघाला.

तो तिने पुढ्यात ठेवला. समुद्र वर. कोपऱ्यात चार नावं, तीन वाकलेली, एक ताठ, आणि त्यांच्या शेजारी तिचं, डोकं खाली केलेलं.

तिने कागद हळूच फिरवला. डोंगर वर गेला. बंदर, छपरं, देऊळ आपापल्या जागी आले. चारी साहेब डोक्यावर उभे राहिले, नगरप्रमुखसुद्धा. कुनिमोरी तेवढी सरळ उभी होती.

भोकं कागदाच्या डाव्या कडेला पाडायची असतात. आता जी डावी होती, त्या कडेला तिने यंत्र लावलं, कागद मध्यावर आहे ना ते पाहिलं, आणि दांडा दाबला. दोन गोल तुकडे खाली पडले. कागद फायलीत बसला. पाच वर्षांत कुणी ती फाईल उघडली तर त्याला डोंगर वरच दिसणार होता. तिने फाईल कपाटात ठेवली, किल्ली फिरवली, आणि जिन्यावरून फुलं घेऊन येणाऱ्यांचे पाय वाजू लागले तसा चेहऱ्यावर हसू आणलं.